मोगरा लावा, पण होळीची विहीर मोजून

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला लोणी-धामणीकडे फेरी झाली की पारावर एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पाच-दहा गुंठं मोगरा केला तर कसं राहील?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लग्नसराई असते. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा, मंचर-नारायणगावच्या कार्यालयांत लग्ने, गजऱ्याला गिऱ्हाईक. आणि मोगरा नेमका त्याच दिवसांत फुलतो. एकदा लावला की दहा-बारा वर्षे पुन्हा लावायला नको. कांद्यासारखी दरवर्षी रोपांची आणि लावणीची धावपळ नाही. ऐकायला सगळे गोड आहे, आणि त्यात खोटे काही नाही.

तरी उत्तर देताना एक अट घालावी लागते. मोगऱ्याचे फुलायचे महिने आणि आपल्याकडे विहिरी तळाला जायचे महिने एकच आहेत. म्हणून मोगरा जूनमध्ये लावायचा असला, तरी तो किती लावायचा हे होळीला ठरवायचे असते. दिवाळीची भरलेली विहीर बघून ज्याने झाडे लावली, त्याला वैशाखात झाडे की माणसे असा पेच पडतो. हा लेख त्या हिशोबासाठी आहे.

तालुका एक, पाऊस दोन

आपला तालुका मोठा गमतीचा. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस थांबता थांबत नाही, आणि पूर्वेला लोणीच्या माळावर ढग नुसते बघून जातात. कुकडी प्रकल्पातले डिंभे धरण याच तालुक्यात, घोड नदीवर आहे. जुन्नरकडे आणि नदीकाठाला कालव्याच्या पाण्यावर ऊस, द्राक्षे, टोमॅटो उभे राहिले. लोणी-धामणीचा माथा मात्र उंचावर असल्याने पावसाच्या आणि विहिरीच्या पाण्यावरच राहिला. उपसा सिंचनाची मागणी जुनी आहे. ते पाणी येईल तेव्हा येईल. पीक मात्र आज हातात असलेल्या पाण्यावरच बेतले पाहिजे.

मोगरा या भागाला न शोभणारे झाड आहे असे अजिबात नाही. उलट त्याच्या स्वभावात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. त्याला ऊन आवडते, पाण्याचा निचरा होणारी मुरमाड जमीन चालते, आणि हिवाळ्यात त्याला पाणी तोडावेच लागते. ताण बसल्याशिवाय त्याला भरघोस कळी धरत नाही. बारमाही पाणी पिणाऱ्या पिकांच्या मानाने हा गुण मोठा आहे.

झाडाची ओळख

मोगरा, जाई, जुई, चमेली, कुंदा ही सगळी एकाच कुळातली भावंडे. मोगऱ्याचे शास्त्रीय नाव जास्मिनम सम्बॅक. फिलिपिन्स देशाने १९३४ साली हेच फूल राष्ट्रीय फूल ठरवले. चीनमध्ये चहाला वास लावायला याच मोगऱ्याच्या कळ्या वापरतात. आपल्या देशात तमिळनाडूतल्या मदुराईचा मोगरा नावाजलेला आहे, त्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

जातींचे म्हणाल तर एकेरी पाकळीचा, दुहेरी पाकळीचा बेला, गोल गुबगुबीत बटमोगरा आणि लांबट टोकदार कळीचा मदनबाण अशी नावे ऐकू येतात. अंगणात हौसेला बटमोगरा लावा, दिसायला झकास. पण गजऱ्यासाठी विकायचा असेल तर कळी मध्यम, देठाची नळी लांब आणि भरपूर कळ्या देणारी जात हवी. लहान नळीची कळी दोऱ्यात नीट बसत नाही, आणि फूलवाला ती बाजूला काढतो.

पाण्याचा हिशोब

आता मुद्द्याचे. पूर्ण वाढलेल्या झाडाला भर उन्हाळ्यात ठिबकने रोजचे सरासरी ५ लिटर पाणी धरून चालावे. चार बाय चार फुटांवर लागवड केली तर गुंठ्यात साधारण ६८ झाडे बसतात. पाच गुंठ्यांत झाली ३४०. त्यांना रोजचे १,७०० लिटर लागणार. दहा हजार लिटरचा टँकर विकत घेतला तर तो सहा दिवसही पुरत नाही. टँकरच्या पाण्यावर मोगरा हा धंदा होत नाही, हे इथेच लिहून ठेवा.

दुसऱ्या बाजूने बघा. टंचाईच्या दिवसांत शासनाच्या टँकरचे पाणी गावाला माणशी रोज २० लिटर या मापाने मिळते. म्हणजे मोगऱ्याच्या चार झाडांचे पाणी आणि एका माणसाचे पाणी सारखेच. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना ऐकवा आणि मग झाडांचा आकडा ठरवा.

विहीर कशी मोजायची? होळीच्या सुमाराला एके संध्याकाळी मोटर चालवून पाणी जमेल तेवढे खाली न्या. दोरीला दगड बांधून पाण्याची खूण करा. रात्रभर मोटर बंद ठेवा. सकाळी पाणी किती चढले ते बघा. वीस फुटी गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. समजा रात्रीत अर्धा फूट चढले, तर झाले ४,४५० लिटर. हा आकडा बघून माणूस खूश होतो. पण होळीचा झरा वैशाखात राहत नाही. आमचा सल्ला असा, की होळीच्या मापाचा चौथा हिस्साच हातात आहे असे धरा. म्हणजे १,१०० लिटर.

त्यातून घरची सहा माणसे आणि दावणीच्या दोन गाई यांच्यासाठी ५०० लिटर आधी बाजूला काढा. उरले ६००. झाडाला ५ लिटर या हिशोबाने झाली १२० झाडे, म्हणजे जेमतेम पावणेदोन गुंठे. विचारायला आलेला पाच-दहा गुंठ्यांचे बोलत होता, आणि विहीर पावणेदोन सांगते. विहिरीचे ऐकावे.

शेततळे असेल तर आकडा बदलतो. पाच गुंठ्यांना फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत दोन लाख लिटरच्या वर पाणी लागते. जानेवारीअखेर अस्तराच्या शेततळ्यात याच्या दुप्पट पाणी असेल तरच भरवसा धरावा, कारण उन्हाने जवळजवळ तेवढेच पाणी उडून जाते.

खोडाभोवतीची जमीन उघडी ठेवू नका. बाजरीचे सरमाड, सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट, जे हाताशी असेल त्याचा चार बोटे जाड थर द्या. फक्त खोडाला अगदी चिकटवू नका, नाहीतर वाळवी वर चढते. या आच्छादनाने पाणी वाचते आणि हरळी-लव्हाळ्यालाही आळा बसतो.

लागवड

जमीन हलकी ते मध्यम, पण निचऱ्याची हवी. चुनखडीचे पांढरे खडे दिसणारे रान टाळा. आपल्या पूर्व भागात अशी राने पुष्कळ आहेत, आणि त्यात मोगरा पिवळा पडतो. लागवडीआधी माती तपासून घ्या. खर्च थोडा आणि पुढचा मनस्ताप मोठा वाचतो.

रोपे छाट कलमापासून किंवा दाब कलमापासून होतात. ओळखीच्या, निरोगी बागेतल्या काड्या घ्याव्यात. वीतभर लांबीची, तीन-चार डोळे असलेली, ना फार कोवळी ना फार जून अशी काडी निवडावी. पावसाळ्यात पिशवीत लावली की ती मुळ्या धरते. गाडीवर रोपे विकायला येणाऱ्याकडून घ्यायचीच असतील तर पिशवी फाडून एक-दोन मुळ्या बघा. मुळ्यांवर गाठी दिसल्या तर ते रोप फुकट दिले तरी घेऊ नका. त्या सूत्रकृमीच्या गाठी असतात, आणि एकदा रानात शिरल्या की निघता निघत नाहीत.

उन्हाळ्यात दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डे घेऊन तापू द्यावेत. वरची चांगली माती आणि दहा किलो कुजलेले शेणखत, सोबत मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड घालून ते भरावेत. चांगला पाऊस झाला, जमीन थंड झाली की जून-जुलैत लागवड करावी. पहिल्या वर्षी फुलांची आशा धरू नये. दिसणाऱ्या कळ्या खुडाव्यात आणि झाडाला अंग धरू द्यावे. खरे उत्पन्न तिसऱ्या वर्षापासून.

ताण, छाटणी, खत

मोगऱ्याच्या निगेत सगळ्यात चुकणारी गोष्ट म्हणजे हिवाळ्यातले पाणी. विहिरीला पाणी आहे म्हणून कांद्याबरोबर मोगऱ्यालाही दिले जाते. झाड हिरवेगार दिसते, मालक खूश, आणि मार्चमध्ये नुसता पाला. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीपासून पाणी हळूहळू कमी करून तोडावे. पाने पिवळी होऊन गळू लागली तरी घाबरू नये, झाड विश्रांती घेत असते.

डिसेंबरअखेर ते जानेवारीत छाटणी करावी. जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर सगळ्या फांद्या धारदार कात्रीने कापाव्यात. वाळलेल्या, रोगट आणि आत गुंतलेल्या काड्या बुडातून काढाव्यात. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीवर. जुनी काडी जपून काही मिळत नाही. पुष्कळांचा हात इथे कचरतो. "एवढं वाढलेलं झाड कसं कापू?" असे वाटते. कापा. दीड-दोन महिन्यांत झाड नव्या फुटीने भरते आणि कळी दिसू लागते.

छाटणीनंतर आळे हलके चाळून दर झाडाला दहा किलो शेणखत द्यावे आणि पहिले पाणी भरपूर सोडावे. रासायनिक खताची वर्षाची मात्रा मोठ्या झाडाला ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद आणि १२० ग्रॅम पालाश अशी धरतात. बाजारातल्या खतात सांगायचे तर युरिया सुमारे १३० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट ७५० ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश २०० ग्रॅम. याचे दोन सारखे भाग करावेत. एक छाटणीनंतर, दुसरा जून-जुलैत. माती परीक्षणाचा कागद हातात असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करावे. युरिया जास्त घातला की पाला माजतो आणि कळी रुसते.

पाने पिवळी, पण शिरा हिरव्या असे दिसले तर ती लोहाची कमतरता समजावी. चुनखडीच्या रानात हे हटकून होते. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घेऊन सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे, आणि पालवी हिरवी होईपर्यंत महिन्याच्या अंतराने पुन्हा घ्यावे. अशा झाडाला आणखी पाणी देऊन काही होत नाही; उलट मुळ्या कुजतात.

औषध मारण्याआधी

मोगऱ्याचा मुख्य शत्रू कळी पोखरणारी अळी. कळीला बारीक भोक दिसते आणि जाळीने दोन-चार कळ्या एकमेकींना चिकटतात. दुसरी एक माशी कळीच्या बुडात अंडी घालते. तिने ग्रासलेली कळी बुडाशी फुगते, जांभळट होते आणि न उमलता वाळते. उन्हाळ्यात पानांच्या खालून लाल कोळी लागतो, पान राखेसारखे फिके पडते.

यावर पहिला उपाय हाताचा. किडकी कळी तोडताना वेगळ्या पिशवीत टाकावी आणि ती पिशवी बांधावर न फेकता पुरावी किंवा जाळावी. झाडाखाली पडलेला कचरा आणि वाळक्या कळ्या वेचाव्यात. कळी दिसू लागली की पंधरा दिवसांच्या अंतराने पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. घरच्या घरी करायचा तर ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळावी आणि पाणी घालून एकूण १०० लिटर करावे. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम घ्यावे, पण भर उन्हात फवारू नये, पाने करपतात.

कांद्यासाठी किंवा टोमॅटोसाठी आणलेले उरलेले जहाल औषध मोगऱ्यावर मारायची सवय काही ठिकाणी आहे. ती सोडावी. टोमॅटोला फवारणीनंतर काही दिवस थांबून तोडा करता येतो. मोगऱ्याची कळी रोज तोडावी लागते, थांबायला सवडच नाही. आज मारलेले औषध उद्या पहाटे कळ्या खुडणाऱ्या बाईच्या बोटांना लागते, दुपारी गजरा ओवणारीच्या ओठांशी जाते, कारण दोरा दातानेच तोडायची रीत आहे. आणि संध्याकाळी ते कोणाच्या तरी केसांत किंवा देवाच्या गळ्यात असते. फारच गरज पडली तर कृषी विज्ञान केंद्राला किंवा कृषी खात्याच्या माणसाला झाड दाखवा आणि मगच औषध घ्या.

तोडणी आणि बिबट्याचे भय

कळी पूर्ण भरलेली, पांढरी झालेली, पण न उमललेली असताना खुडायची. संध्याकाळी ती आपोआप उमलते. उमललेले फूल बाजारात पोचेपर्यंत मलूल होते. म्हणून तोडणी भल्या पहाटे करतात. एक किलो भरायला हजारो कळ्या खुडाव्या लागतात, त्यामुळे घरात दोन-तीन हात मोकळे असतील तेवढाच मोगरा झेपतो. पाण्यानंतरचे दुसरे माप हेच.

पहाटेच्या तोडणीत आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी लागते. जुन्नर वन विभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, बिबट्याचा वावर सगळ्यांना ठाऊक आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या बाजूला बिबट्याच्या हल्ल्यात माणसे गेली, त्यात लहान मुले होती. बाई खाली वाकून कळ्या खुडते तेव्हा ती उंचीने लहान दिसते, आणि आजूबाजूला लक्ष नसते. हा धोका फुलांच्या भावापेक्षा मोठा आहे.

त्यामुळे मोगऱ्याचा तुकडा घराजवळ, मोकळ्यावर धरावा. उसाच्या किंवा मक्याच्या कडेला तो लावू नये. अंधारात बॅटरीवर तोडणी करू नये. तांबडे फुटून नीट दिसू लागल्यावरच सुरुवात करावी. सूर्य वर यायच्या आत काम उरकले तर कळीला काही होत नाही. एकटीने जाऊ नये, मुलांना सोबत नेऊ नये, एकाने उभे राहून बोलत राहावे. बाजाराची गाडी लवकर निघते म्हणून घाई होत असेल तर गाडी बदलावी.

विक्री

पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी छोट्या छोट्या तुकड्यांवर मोगरा धरला आहे. त्यांचा माल मुंबईला दादरच्या फूलबाजारात जातो. ते ऐकून आपल्याकडे उत्साह येतो, आणि तो यावाच. पण तिथला पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वरचा, आणि दादर जवळ. त्यांच्याकडून घ्यायचे ते तुकडा लहान ठेवण्याचे आणि चार घरांनी मिळून एकत्र माल पाठवण्याचे शहाणपण. एकट्याच्या दोन किलो कळ्या घेऊन पुण्याला गुलटेकडीला जाणे गाडीभाड्यालाही परवडत नाही.

लोणीसारख्या गावाला सुरुवातीचे गिऱ्हाईक जवळच शोधावे. आठवडे बाजार, जत्रा, मंचरची मंगल कार्यालये, धामणीच्या खंडोबाला रविवारी येणारी माणसे. सुटी कळी विकण्यापेक्षा घरी गजरा करून विकला तर ओवणीची मजुरी घरात राहते. कळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. बांबूच्या पाटीत ओले फडके किंवा केळीचे पान घालून हलक्या हाताने भराव्यात. लागवडीआधी निदान दोन फूलवाल्यांशी बोलून घ्या. माल निघाल्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्याला भाव ठरवता येत नाही.

अंगणातला मोगरा

आता ज्यांना विकायचा नाही, नुसता दारात हवा, त्यांच्यासाठी. एका बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, "टँकरच्या पाण्यातला हंडा झाडाला घातला की सासूबाई बोलतात. त्यांचंही खरं आहे." खरेच आहे. पण दारच्या एका झाडाला हंड्याची गरजच नाही. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी एका बादलीत साठवले तर तेवढ्यावर झाड जगते. अंघोळीचे पाणी द्यायचे तर वाळू-खडीच्या छोट्या खड्ड्यातून गाळून, एक दिवसाआड द्यावे. कपड्यांच्या सोड्याचे आणि भांड्यांच्या साबणाचे पाणी मात्र देऊ नये. त्याने माती घट्ट होते, क्षार साठतात आणि पाने कडेने करपतात.

झाडाला दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. भिंतीच्या सावलीतला मोगरा नुसता वाढतो, फुलत नाही. कुंडीत लावायचा तर फूटभर तरी रुंद कुंडी घ्या, बुडाला भोक आणि त्यावर खापराचा तुकडा ठेवा. जानेवारीत छाटणी, मूठभर शेणखत, खोडाभोवती पालापाचोळा, बस्स. दारच्या झाडाला हिशोब लागत नाही, फक्त नेम लागतो.

रानातल्या मोगऱ्याला मात्र हिशोब लागतो. तेव्हा ज्यांच्या मनात मोगरा आहे त्यांनी येत्या होळीला एक रात्र मोटर बंद ठेवावी, सकाळी दोरी सोडून पाणी मोजावे आणि आकडा कागदावर लिहावा. त्यातून माणसे आणि जनावरे वजा करावीत. उरलेल्या पाण्याला ५ ने भागले की झाडांचा आकडा येतो. तो आकडा पन्नास निघाला तर पन्नास झाडे लावा. ती वैशाखात फुललेली दिसतील. आणि काहीच उरले नाही, तर त्या वर्षी दारात एकच झाड लावा आणि विहिरीच्या पुनर्भरणाचे काम हाती घ्या. मोगरा पुढच्या वर्षीही लावता येईल.